इच्छेचं भारनियमन

चालू

नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी आता वीज जात नाही. माणसाला वीज नकोशी होते.

कूलरचं बटण हाताशी असतं, घाम गळ्यावरून ओघळत असतो, आणि माणूस पडल्या पडल्या त्या बटणाकडे पाहत राहतो. तासाभराने ते ओसरतं. मग तो उठून कूलर लावतो.

याला मंदन म्हणतात. पूर्वी मागणी वाढली की राष्ट्रवीज ही सरकारी कंपनी वस्त्यांचा पुरवठाच तोडत असे. ते भारनियमन. कंपनी सुधारण्यासाठी समित्या नेमल्या, दर वाढवले, अध्यक्ष बदलले, वीज पुरेना. मग कंपनीतल्याच डॉ. सुमेधा खोब्रागडे यांनी प्रश्न उलटा केला. वीज वाढत नसेल, तर हवंसं वाटणं कमी करता येईल का?

राष्ट्रवीजने घरोघर फुकट दिलेले दिवे ठरल्या वेळी अतिशय वेगाने लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, मेंदूला कळतं. तहान लागते, हाक ऐकू येते, सगळं समजतं. फक्त ‘हवं’ आणि ‘ऊठ’ यांच्यामधला धागा तासभर सैल होतो.

अंधारापेक्षा बरं, म्हणून लोकांनी हे मान्य केलं होतं. कुठल्या वस्तीची लाइन कधी मंद होणार, हे मात्र सांगत नसत. सांगितलं असतं तर लोकांनी तेवढा वेळ दिवे बंद ठेवले असते.

मंद

दुपार. खोली. दिवा.
कुणीतरी हाक मारतं.
बरं.

चालू

“माझा धंदा तुम्हीच बुडवला, मॅडम,” सुमेधाच्या टेबलासमोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकत पुरुषोत्तम वैरागडे म्हणाला. तो कूलर दुरुस्त करायचा. “पण त्यासाठी नाही आलो.”

सुमेधाचा फोन टेबलावर थरथरला. उमरेडहून ताई. गेल्या आठवड्यापासून रोज. सुमेधाने फोन पालथा ठेवला.

“घ्या ना.”

“राहू द्या. बोला तुम्ही.”

“माय आतल्या खोलीत होती. दमेकरी. तिनं हाक मारली, पुरू, पंप दे रे. पंप माझ्याच उशाशी. मी म्हटलं, देतो. अन् पडून राह्यलो.” तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. “रागबी नव्हता, झोपबी नव्हती. नुसता पडून राह्यलो. उठलो तवा ती गार पडली होती.”

“कधीची गोष्ट?”

“अखजीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात. तवापासून बायको बोलत नाही. तुम्ही एवढंच सांगा मले, त्या दुपारी आमची लाइन मंद होती का?”

“कुठली लाइन तुमची?”

“दवाखान्याची,” तो म्हणाला, आणि तेवढ्यातही त्याचा आवाज जरा ताठ झाला. “मोठ्या सरकारी दवाखान्याची. भारनियमनाच्या काळात बाबांनी मुद्दाम तिथं घर घेतलं. सारं शहर अंधारात, अन् आमचा पंखा फिरून राह्यला. मामा चिडवायचा, भाऊजींचं घर आयसीयूत आहे म्हणून.”

सुमेधाने पेन खाली ठेवलं.

दवाखान्याची लाइन कधीच मंद होत नसे. नर्सला उठावंसं वाटलंच पाहिजे, डॉक्टरला धावावंसं वाटलंच पाहिजे. सुधारणेची ती पहिली अट होती, आणि ती गुप्त होती. नाहीतर सगळं शहर दवाखान्याभोवती राहायला आलं असतं.

म्हणजे त्या दुपारी त्या घरातला दिवा स्थिर जळत होता.

“तुम्ही हो म्हटलं तर मी घरी जातो,” वैरागडे म्हणाला. “नाही म्हटलं तर...”

“हो,” ती म्हणाली. “तुमची लाइन होती.”

त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. “म्हणजे मी नव्हतो.”

“नव्हतात तुम्ही.”

दारात थांबून त्याने तिच्या कूलरकडे पाहिलं. “याच्या वाळ्याच्या ताट्या बदला, मॅडम. कुबट वास येऊन राह्यला.”

मंद

हो, तुमचीही.
हो.
तुमचीही होती, काकू.

चालू

वैरागडेने घरी सांगितलं, बायकोने गल्लीत. मग फाटकाशी रांग लागू लागली. तान्ह्या मुलाचं रडणं ऐकत बसलेली आई. तळ्यात हात वर आलेला पाहूनही काठावर उभा राहिलेला मास्तर. प्रत्येकाजवळ एक दुपार होती. काहींच्या लाइन खरंच मंद होत्या, पुष्कळांच्या नव्हत्या, तळ्याकाठी तर दिवाच नव्हता. सुमेधा सगळ्यांना हो म्हणाली. एकाला नाही म्हणायचं, तर ते कुणाला? ‘लाइन होती’ हे उत्तर हळूहळू देशभर पसरलं.

दिवाळीच्या सुमारास अध्यक्ष तुळपुळे नियंत्रण कक्षात आले. समोरच्या मोठ्या पडद्यावर देशभरातल्या मागणीची रेषा हळूहळू उतरत होती.

“मंदन वाढवलंत की काय, सुमेधाताई? मागणी निम्म्यावर आलीय.”

“मंदन बंद आहे, सर. देखभालीसाठी. दोन आठवडे झाले.”

“कुठेच चालू नाही?”

“कुठेच नाही.”

त्या रेषेखाली कितीतरी घरं होती, घराघरांत स्थिर दिवे, आणि हाक ऐकून, समजून, पडून राहिलेली माणसं.

“मग चांगलंच आहे की,” तुळपुळे म्हणाले. “यंत्रणेचा खर्चही वाचला.” आणि ते चहाला गेले.

फोन थरथरला. त्यावर ताईचं नाव उजळलं. हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर. सुमेधाने वर पाहिलं. नियंत्रण कक्ष दवाखान्याच्याच लाइनवर होता. इथला दिवा आजवर एकदाही मंद झाला नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोन थरथरत राहिला. मग थांबला.

“लाइन असेल,” ती स्वतःशीच म्हणाली.