फलाटावरची बाई

काम म्हटलं तर एवढंसंच होतं. म्हातारीच्या चष्म्याची दांडी मोडली होती, ती बसवून आणायची.

"तुम्हीच बसलात त्याच्यावर," म्हातारी वाटभर तेच म्हणत होती.

"मी नाही बसलो. मी बसत होतो, आणि तो खाली आला."

"हो ना, चष्म्याला पाय फुटले होते!"

फाटकवाला मिशीतल्या मिशीत हसला. जन्मभर त्यानं रेल्वेचं फाटक सांभाळलं. नोकरी सुटून जमाना झाला, तरी लोक त्याला अजून फाटकवालाच म्हणायचे. एका हातात म्हातारीचा हात आणि चाल बेताची, कारण थंडी पडल्यापासून तिला दम लागायचा. दोन घरं चालली की थांबायचं, कुणाच्या तरी कुंपणाला टेकायचं, मग पुढे. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, वय झालं. ते तर आरशालाही माहीत होतं.

त्याचं लक्ष मात्र तिच्या दुसऱ्या हाताकडे होतं. खुंटीवरची कापडी पिशवी तिनं बरोबर घेतली होती, आणि पिशवी चांगली फुगलेली होती.

"चष्मा आणायला एवढी पिशवी?"

"असू द्या हो. हाताला सवय."

त्याच्या मनात काहीतरी टोचत राहिलं. गेले काही दिवस म्हातारीची आवराआवर चालली होती. शिवणाची कात्री शेजारणीला देऊन टाकली. मोठं पातेलं सुनेकडे धाडलं. विचारलं की म्हणायची, "आता कशाला लागतंय?" या 'आता'ची त्याला भीती वाटायची. उघड बोलला नव्हता. बोललं की गोष्ट घरात येऊन बसते.

चष्मेवाल्यानं दांडी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "संध्याकाळी या, आजोबा." घरी जाऊन परत यायचं म्हणजे म्हातारीच्या छातीचा भाता. समोरच एक सभागृह होतं. दारावर पाटी, छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन, आज शेवटचा दिवस.

"खऱ्या गाड्यांनी जन्मभर झोप मोडली, आता खेळण्यातल्या बघायच्या?" म्हातारी म्हणाली.

"बसायला खुर्च्या असतील."

"मग चला."

आत पडदे ओढलेले होते. बाहेर लख्ख दुपार आणि आत दिवेलागण. मधोमध टेबलं एकाला एक जोडून त्यांवर अख्खं गाव मांडलेलं. डोंगर, डोंगरात बोगदा, पूल, गोठे, स्टेशन. घराघरांत गव्हाच्या दाण्याएवढे दिवे. आणि सगळ्याला वळसा घालत बोटाएवढ्या डब्यांची एक गाडी चालली होती, अंगाईसारखा एकसुरी आवाज करत. टेबलांना चहूकडून दोरी बांधलेली. लाकडाचा, रंगाचा, डिंकाचा वास.

म्हातारी भिंतीकडच्या खुर्चीवर टेकली. "तुम्ही बघून या. मला इथूनच ऐकू दे. चष्म्याशिवाय सगळं दुधासारखं दिसतंय."

फाटकवाला दोरीच्या कडेकडेनं चालला. पुलापाशी थांबला, बोगद्यापाशी थांबला. आणि मग एका ठिकाणी त्याचे पाय आपोआप जुळले, कामावर जुळायचे तसे.

समोर त्याचं फाटक होतं.

तसलं दुसरं नव्हे, त्याचंच. एका अंगाला कललेलं पाण्याचं पिंप. खांब आणि झाड यांच्यामध्ये बांधलेली कपड्यांची दोरी. छपरावर चढलेला वेल. रुळांशी बावटा धरून उभा असलेला मुगाएवढा माणूस, आणि त्या माणसाच्या मिश्या काळ्या.

"आवडलं का, आजोबा?" बाजूला एक गृहस्थ उभे होते, कपाळावर भिंग चढवलेलं. हे सगळं गाव त्यांनीच बनवलेलं. धंद्यानं घड्याळजी.

"हे घर तुम्ही कुठे पाहिलंत?"

"गाडीतून. तरुणपणी कामासाठी त्याच गाडीनं जायचो. फाटकाशी हा माणूस, आणि मागे अंगणात बाई. गाडी पुढे गेली की ती बाई हात वर करून काहीतरी ओरडायची. काय ओरडायची, ते कधी ऐकू आलं नाही बघा. इतकी वर्षं मनात राहिलंय."

"'दिवा दिसला हो' म्हणायची," फाटकवाला म्हणाला.

घड्याळजी बघतच राहिले.

मग त्यानं सावकाश सांगितलं. फाटकापुढे रुळांना वळण होतं. फाटकाशी उभं राहिलं की गाडीचं शेपूट दिसायचं नाही. अंगण मात्र उंचावर. शेवटच्या डब्यामागे लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी गेली, मागे काही सुटून राहिलं नाही. तो दिवा म्हातारी अंगणातून बघायची आणि हाक द्यायची. ती हाक आल्याशिवाय त्यानं कधी फाटक उघडलं नाही.

"म्हणजे तुम्हीच ते!" घड्याळजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आणि त्या बाई?"

"त्या काय, खुर्चीवर बसल्यात." फाटकवाला खुशीत हसला. मग वाकून अंगण पाहिलं. "पण तुम्ही ती इथं केलेली दिसत नाही."

घड्याळजींचं हसू मावळलं.

"केली होती," ते आवाज उतरवून म्हणाले. "चांगली डिंकानं चिकटवली होती, त्या दोरीखाली. पहिल्या दिवसानंतर सकाळी येऊन बघतो तर बाई कुंपणाच्या दाराशी. म्हटलं, लोकांचे हात. परत चिकटवली. दुसऱ्या सकाळी झाडांखाली, पायवाटेवर. आजोबा, सभागृहाला कुलूप मी लावतो. किल्ली माझ्या कमरेला असते..."

"आणि आता?"

घड्याळजींनी कपाळावरचं भिंग काढून त्याच्या हातात दिलं आणि स्टेशनाकडे बोट केलं.

रिकाम्या फलाटावर अगदी कडेला एक बाई उभी होती. अंगावर राखाडी शाल. दोन्ही हातांनी छातीशी एक पिशवी धरलेली.

"पिशवी मी दिली नव्हती तिला," घड्याळजी म्हणाले.

फाटकवाल्यानं मागे वळून पाहिलं. भिंतीकडे त्याची म्हातारी बसली होती. राखाडी शाल. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरलेली. मान जराशी कलती, लांबचं काही ऐकत असल्यासारखी.

तेवढ्यात त्याला वास आला. कोळशाच्या धुराचा, ओलसर, कोंदट. असा वास येऊन युगं झाली होती.

"तुमची गाडी कोळशावर चालते?"

"छे हो, विजेवर." घड्याळजींनीही नाक वर केलं होतं. "आता शेवटची फेरी आहे. रोज शेवटच्या फेरीला गाडी स्टेशनात थांबवतो. एरवी ती थांबत नाही."

लोक पांगले होते. फाटकवाला म्हातारीपाशी गेला.

"अगं, चल. घरी जाऊ."

"थांबा ना... गाडी येतेय." तिचा चेहरा निवांत होता, झोपेतल्या बाळासारखा. "किती बरं वाटतंय म्हणून सांगू. दमसुद्धा लागत नाही. पाय तेवढे गार पडलेत."

त्यानं तिचा हात धरला. पहाटेचा रूळ लागावा तसा गार लागला.

"तुम्ही जा फाटकाशी," ती म्हणाली. "मी उभी आहे इथं."

ती तर बसलेली होती.

फाटकवाला जन्मात कधी धावला नव्हता. फाटकवाल्यानं धावायचं नसतं. आता मात्र तो धावला. दोरी ओलांडली. "उचला हो तिला तिथून!"

घड्याळजींनी कामाचा बारीक चिमटा उचलला. घड्याळाची केसासारखी चाकं उचलणारा हात, पण चिमटा घसरला. पुन्हा घसरला. "हलत नाही..." ते कुजबुजले. "जड झालीय."

बोगद्यातून गाडी बाहेर पडत होती.

फाटकवाल्यानं चिमटा बाजूला सारला आणि आपली जाडीभरडी बोटं पुढे केली. "चल गं," तो हळूच म्हणाला, शेजारी गप्पा मारत बसलेलीला हाक मारावी तसं. "ऊन उतरलं. कपडे काढायचेत दोरीवरचे."

बाई अलगद उचलली गेली. मोहरीएवढंही वजन नव्हतं.

घड्याळजींनी अंगणात डिंकाचा थेंब टाकला, त्यानं तिला त्यात उभी केली. "वाळेपर्यंत धरून ठेवा," तो म्हणाला. घड्याळजींनी धरली.

गाडी स्टेशनात आली आणि थांबली.

"मी... मी बटण दाबलं नाही," घड्याळजी म्हणाले.

गावातले दिवे मंद झाले. रंगवलेल्या खिडक्यांमागे काही हलत नव्हतं. घड्याळजींनी मोकळ्या हातानं चालू करायचं बटण दाबलं, परत दाबलं. गाडी जागची हलेना. नुसती घुमत राहिली, वाट बघणाऱ्या इंजिनासारखी. धुराचा वास घशाशी आला.

मागे खुर्ची करकरली. म्हातारी उठली होती. चष्म्याशिवाय, आधाराशिवाय, पिशवी छातीशी धरून, एक पाऊल पुढे.

फाटकवाल्यानं जाऊन पिशवीचे बंद धरले. ती सोडेना. मग ओढाताण न करता त्यानं तिच्या हातातच पिशवी उघडली आणि एकेक वस्तू काढत गेला. फणी. साबणाची डबी. धुतलेला टॉवेल. जाड मोजे. आणि तळाशी नीट घडी केलेला, विटलेला हिरवा बावटा. त्याचा.

"हा कशाला घेतलास?"

"तुमची काहीतरी खूण नको का बरोबर..." तिचा आवाज लांबून आल्यासारखा होता.

त्याचे डोळे भरून आले, पण रडायची ती वेळ नव्हती. गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीला निरोप देणं त्याचं काम. बावटा घेऊन तो आपल्या फाटकासमोर जाऊन उभा राहिला, पाय जुळवून. हात लांब केला. हिरवा बावटा म्हणजे सगळं ठीक आहे, पुढे जा.

"इथून कुणी चढणार नाही," तो म्हणाला. "जा तू."

काही क्षण काहीच झालं नाही. मग एक हिसका बसला आणि गाडी सुटली. त्याच्या बावट्याखालून डबा डबा करत गेली, वळणावर गेली, डोंगराआड झाली. तो उभा होता तिथून शेपूट दिसत नव्हतं. कधीच दिसायचं नाही. आवाज विरत गेला. तो बावटा धरून थांबला. हाक आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

"दिवा दिसला हो!"

भिंतीकडून, मागून. जिला हातभरावरचं दिसत नव्हतं, तिच्याकडून. तोच जुना खडा आवाज, थंडीपासून ज्याला दम पुरत नव्हता.

डिंक वाळला होता; घड्याळजींनी बाईवरची बोटं सोडली. "असं म्हणायची होय," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसत हसले. दोघं निघाली तेव्हा त्यांनी म्हातारीला काही विचारलं नाही. अंगणातल्या बाईवर मात्र एक काचेचा पेला उपडा घालून ठेवला.

चष्मा तयार होता. "कानाला घट्ट होतोय," म्हातारी लगेच कुरकुरली, आणि फाटकवाल्याला ती कुरकुर साखरेसारखी लागली. येताना ती एकाही कुंपणाला टेकली नाही. पिशवी त्यानं घेतली होती. वाटेत ती दोनदा म्हणाली की उद्या शेजारणीकडून कात्री परत मागून आणायला हवी, पडदे उसवलेत.

घरी आल्यावर तिनं त्याच्या चहाला नावं ठेवली, आणि तरी दुसरा कप मागितला.

"पाय अजून गारच आहेत हो. आणि तळव्यांना काय लागलंय बघा, ओढल्यासारखं होतंय."

त्यानं घमेल्यात ऊन पाणी आणलं, खाली बसला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. तळव्यावर काचेसारखा पातळ, पिवळट थर वाळून बसला होता. दुसऱ्या पायालाही तसाच. थरात हिरवे बारीक कण रुतलेले होते. त्यानं एक कण नखानं टोकरून दिव्याजवळ नेला. लाकडाचा भुसा, हिरवा रंगवलेला. छोट्या गावातल्या अंगणात गवत म्हणून पसरतात, तसा.

"काय आहे?"

"काही नाही."

"मग काढून टाका की. पाण्यात भिजवा म्हणजे सुटेल."

फाटकवाल्यानं घमेलं हळूच बाजूला सरकवलं. टॉवेलनं तिचे पाय कोरडे केले, एकही थेंब राहू दिला नाही.

"अहो, पाणी कशाला ढकललंत?"

"राहू दे," तो म्हणाला. "नीट बसलंय."

म्हातारी हसली. दांडी बसवलेला चष्मा नाकावर घेऊन खुर्चीतच पेंगायला लागली. श्वास संथ, चेहरा तृप्त. घर उबदार होतं, आणि खुंटीवर हिरवा बावटा टांगलेला होता.

तिच्या डाव्या टाचेशी थराची एक कड जराशी उचलल्यासारखी दिसत होती. फाटकवाल्यानं तिच्यावर अंगठा दाबला, आणि तो तसाच दाबून धरून बसून राहिला.