ब्लुमामावशी तोंड हुंगते

ही गोष्ट खरी आहे.

मी गोष्टी रचतो हे अख्ख्या लडलो स्ट्रीटला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो. मी रचलेल्या गोष्टींत मी हुशार असतो. या गोष्टीत मी गाढव आहे. यावरूनच काय ते ओळखा.

फेब्रुवारीतला रविवार होता. दुपार कलली होती. न्यूयॉर्कच्या आमच्या जुन्या ज्यू वस्तीत, लोअर ईस्ट साइडला, बर्फ वितळून रस्ताभर काळा चिखल झाला होता.

मी झेलिग. लोकांना या गल्ल्यांतून चालवत नेतो, दुकानादुकानांत थोडं थोडं खायला घालतो आणि मधे गोष्टी सांगतो. आधी पिंपातली खारवलेली काकडी, मग कांदा घातलेला बियाली पाव, आणि शेवटी सॉलकडची पास्ट्रामी. मसाला चोळून, धूर देऊन शिजवलेलं गोमांस. नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं.

आणखी एक ध्यानात ठेवा. मला वास येत नाही. काही वर्षांपूर्वी एका तापात नाक गेलं, ते गेलंच.

त्या दिवशी सकाळीच तालियाचा फोन आला. तालिया आमच्या टूर कंपनीची मालकीण. माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलणं माझ्या सासूसारखं.

"झेलिगकाका, आज नोरीन नावाची बाई येतेय. मासिकात लिहिते. लोकांची तक्रार माहितीये ना? काका बोलतात पोटभर, खायला घालतात चमचाभर. आज पुन्हा तेच झालं तर ही फेरी बंद. माझा नाइलाज आहे."

फेरी बंद म्हणजे मी घरी. घरी म्हणजे मुलगी रिव्का, रक्तदाबाचं यंत्र आणि उकडलेलं गाजर.

मी चिडूनच निघालो. सॉलकडे जाऊन आधी स्वतःच एक पास्ट्रामी सँडविच हाणलं. उपाशीपोटी मला खोटं बोलता येत नाही.

सुरुवातीपासून सगळं बिनसलं. काकडीवाल्याचं पिंप रिकामं. बियालीवाल्याची भट्टी बंद पडलेली. नोरीन लाल टोपी सारखी करत म्हणाली, "काका, ही खाण्याचीच फेरी आहे ना? की उपासाची?"

सगळे हसले. मी दातओठ खाल्ले.

लडलोच्या कोपऱ्यावर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, खाणं नाही तर निदान गोष्ट तरी झकास सांगू. मी रंगात आलो की डोळे मिटतो. मिटले. सांगत राहिलो.

थोड्या वेळानं जाणवलं... कुणी हसत नाहीये.

कुणी खोकतही नाहीये.

डोळे उघडले.

रस्ता रिकामा.

फक्त क्लाइड उभा होता. टेक्ससहून आलेला दांडगा गडी. तोंड फुगवून.

"बाकीचे कुठायत?"

"जेवायला," तो म्हणाला. "त्या म्हातारीनं सगळ्यांना आत घेतलं. मला तेवढं नाही."

"कोण म्हातारी? आत म्हणजे कुठे?"

त्यानं समोर बोट दाखवलं.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शटर खाली. कुलूप. पायरीवर बर्फ... आणि त्या बर्फावर एकही पाऊल नाही.

"चेष्टा करतोस काय रे म्हाताऱ्याची?"

"चेष्टा माझी झालीये, काका! तिनं दारात प्रत्येकाचं तोंड हुंगलं. माझं हुंगलं आणि ढकललं की मागे! निघताना एक हॉटडॉग खाल्ला होता, एवढाच काय तो गुन्हा."

मला घाम फुटला. भर थंडीत.

कारण त्या जागी माझ्या लहानपणी ब्लुमामावशीचं दुधाच्या पदार्थांचं दुकान होतं. आमच्यात मांस खाल्लं की सहा तास दूध, लोणी, चीज काही चालत नाही. आम्ही कार्टी थापा मारून आत घुसायचो. म्हणून मावशी दारातच उभी राहायची. "आ कर," म्हणायची. तोंड हुंगायची. मांसाचा वास आला की कानाला धरून बाहेर.

मावशीला जाऊन कैक वर्षं झाली. तिच्या अंत्ययात्रेला मी स्वतः होतो.

तेवढ्यात...

अगदी माझ्या तोंडाजवळ...

सूं... सूं...

कुणीतरी हुंगत होतं.

समोर कुणी नव्हतं. क्लाइड चार हात लांब. त्यालाही ऐकू आलं असणार, कारण तो आणखी चार हात लांब गेला.

मग एक छोटासा आवाज आला. "हं!" आपल्याला नापास करताना मास्तर करायचे, तसा.

आणि माझ्या पाठीमागून गलका ऐकू आला. सगळी मंडळी येत होती. ओठ तुपकट. हातात मेणकागद.

"काका, छुपे रुस्तम आहात तुम्ही!" नोरीन म्हणाली. "ते धिरड्यासारखं पातळ, आत गोड चीज, वर लोणी... जन्मात असं खाल्लं नव्हतं!"

"ब्लिंट्झ," मी पुटपुटलो.

"हो, तेच! आणि त्या आजी किती गोड! फक्त हात फार गार हो त्यांचे."

सॉलच्या दुकानात एकानंही पास्ट्रामीला हात लावला नाही. सॉल माझ्यावर डाफरला. "जेवून आलेली माणसं आणतोस होय रे माझ्याकडे? उद्या झोपलेली आणशील!"

दुसऱ्या आठवड्यात तालियाचा फोन. आवाजात साखर.

"काका, नोरीननं काय लिहिलंय! ते ब्लिंट्झवालं दुकान आता कायमचं ठेवायचं."

"अगं, ते दुकानच नाहीये."

"नाटकं नकोत. भांडलात ना त्यांच्याशी? मग जाऊन माफी मागा."

आता बोला!

पुढचे दोन महिने माझं डोकं फिरायचं तेवढं बाकी राहिलं. येणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारायचा, "ब्लिंट्झ कधी?" मावशी लहरी. एखाद्या रविवारी माझी पाठ वळली की अख्खा घोळका गायब, आणि परत येतो तो ढेकर देत. पुढच्या रविवारी नुसतं शटर, आणि लोक माझ्यावर ओरडतात. कधीही न पाहिलेल्या दुकानाबद्दल मी शिव्या खात होतो! आणि मला मात्र एक घास नाही. प्रत्येक वेळी नुसतं... सूं... सूं... हं!

शेवटी ठरवलं, तिच्याशी बोलायचंच. मावशी, येणार असशील तर वेळेवर येत जा, माझी रोजीरोटी आहे.

एका मंगळवारी सकाळपासून मांस खाल्लं नाही. दिवे लागायच्या सुमारास एकटाच शटरसमोर जाऊन उभा राहिलो.

"आ" केलं. होय, भर रस्त्यात. एक बाई पोराला ओढून पलीकडच्या बाजूला गेली.

सूं...

या वेळी खूप वेळ.

सूं...

"हं" आलंच नाही.

किणकिण.

मावशीच्या दाराची पितळी घंटा.

शटर नव्हतं. काचेचं दार होतं, अर्धं उघडं. आणि आतून... वास आला. लोण्याचा. कढईत तांबूस होत आलेल्या लोण्याचा.

मला. ज्याला कसलाच वास येत नाही त्याला.

डोळ्यांत पाणी आलं हो. एक पाय आत टाकला.

आत एकच टेबल मांडलेलं. एकच ताटली. एकच खुर्ची, मागे ओढून ठेवलेली.

मावशी चुलीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही.

"आलास? बस," ती म्हणाली. "त्या पाहुण्यांना घरी परतायचं असतं, म्हणून त्यांचं पटापट उरकते. तुला रे कसली घाई?"

माझ्या मागे घंटा पुन्हा वाजली.

दार लागत होतं.

मी कसा निघालो ते विचारू नका. कोटाचं एक बटण त्या दारात राहिलं. धावत सॉलकडे गेलो आणि ओरडलो, "पास्ट्रामी! पाव नको, नुसतीच दे!"

"कुणी मागे लागलंय का?"

"आधी दे!"

तेव्हापासून नेम करून टाकला. दररोज दुपारी आधी सॉलकडे जायचं, पास्ट्रामी पोटात घालायची, मगच लडलोवर पाय ठेवायचा. डॉक्टर चिडले. रिव्का रडली, अबोला धरला. मी कुणाचं ऐकलं नाही. मीठ माणसाला हळूहळू मारतं, तेवढा वेळ मला चालतो.

आणि उपाय लागू पडला. सूं... हं! सुटलो. दर वेळी.

पण गेले काही दिवस... हुंगणं लांबत चाललं होतं.

मागच्या रविवारी "हं" आलंच नाही. घंटा हलल्यासारखी वाटली. मी सगळी माणसं तिथेच टाकून पळालो. तालियानं फोनवर माझी जी पूजा बांधली, ती इथे लिहीत नाही.

कारण कळेना. रोज पास्ट्रामी तर खातोय!

आज शुक्रवार. सॉल साबाथसाठी दुकान आवरत होता; शुक्रवारी सूर्य बुडला की शनिवार रात्रीपर्यंत आमच्यात सगळं कामकाज बंद. मी वैतागून त्याला सगळं सांगितलं. मावशी, हुंगणं, घंटा, सगळं. वाटलं, हसेल.

तो हसला नाही. हातातलं फडकं पिळत उभा राहिला.

"झेलिग, रागावू नकोस. महिन्यापूर्वी तुझी पोरगी आली होती. काउंटरवर डोकं ठेवून रडली रे. तेव्हापासून तुला देतोय ती मशरूमची आहे. वरचा मसाला तोच. म्हटलं, या म्हाताऱ्याला वास थोडाच येतो!"

"आत्ता दे मग! खरी दे!"

"आता? सूर्य बुडतोय. सुऱ्या धुतल्या. उद्या रात्रीपर्यंत बंद."

"सॉल..."

"डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या. घरी जा, शांतपणे साबाथ पाळ."

घरी आलो. फ्रिज उघडला. रिव्कानं सगळं साफ केलंय. गाजरं आहेत. भरपूर गाजरं. ती स्वतः मेणबत्त्या लावून शेजारी गेलीये.

साबाथला लिहू नये, तरी लिहितोय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

गॅस बंद आहे. दोनदा जाऊन पाहिलं. घरात लोण्याचा कणसुद्धा नाही, डॉक्टरांनी तेही बंद केलंय.

तरीपण... लोणी तांबूस होतंय कुठेतरी.

मला वास येतोय.

दाराबाहेर आत्ताच किणकिण झाली. रिव्का आली असेल.

पण आमच्या दाराला घंटा नाहीये.