अनामिकेचा स्वर

पियानो वाजू लागला तेव्हा रेजिना गॅसवर चहा ठेवत होती. तिने बाहेर डोकावून पाहिलं नाही. पुढच्या खोलीत पियानोसमोरचं स्टूल रिकामं होतं आणि पट्ट्या आपल्या आपण खालीवर होत होत्या. वाजवणारे खिडकीजवळच्या पलंगावर होते. डोळे मिटलेले, श्वासयंत्राला जोडलेले.

"उठले वाटतं," ऑल्विन म्हणाला. तिचा हा धाकटा भाऊ मस्कतहून रजा काढून आला होता. "जन्मभर अख्ख्या आळीला पहाटे उठवलं. आता पडल्या पडल्या पण सोडत नाहीत."

"साखर घालू की नको?" रेजिनाने विचारलं.

त्यांचे वडील बर्नार्ड तुस्कानो वसईतल्या एका चर्चच्या जुन्या ऑर्गनवर बसून शिकले, शिष्यवृत्तीवर व्हिएन्नाला गेले आणि पुढे वॉर्सापासून तोक्योपर्यंत वाजवून आले. तिकडे लोक उभे राहून टाळ्या वाजवत. इकडे बाजारात त्यांना कोणी ओळखलंच तर 'ते पेटीवाले सर' म्हणून. त्याचं त्यांना काही वाटत नसे. तयार नसलेलं वाजवावं लागण्याचं मात्र वाटे. पत्नीच्या अंत्यविधीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, फादरनी वाजवायची विनंती केली, तेव्हा सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "हात तयार नाहीत." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते.

मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा ते एक नवी सोनाटा, पियानोची एक मोठी रचना, बसवत होते. त्यानंतर डोळे उघडले नाहीत, बोटं हलली नाहीत. डॉक्टर शुभदा केळुसकरांनी त्यांच्या मनगटांवर चेतापट्टी चिकटवली. ही कागदासारखी पातळ पट्टी. बोट हललं नाही तरी मेंदूने त्याला धाडलेला क्षीण आदेश तिला टिपता येतो. हात निकामी झालेल्यांना कृत्रिम हात चालवता यावेत म्हणून ती तयार झाली होती. पियानोच्या पट्ट्यांखाली छोट्या मोटारी बसवून दोन्ही जोडायची कल्पना ऑल्विनची.

पहिल्यांदा स्वर उमटले तेव्हा दोघं भावंडं रडली होती. सोनाटाची सुरुवात होती ती. पण उजव्या हाताच्या अनामिकेने दाबायची पट्टी यायची तिथे काहीच वाजलं नाही. त्या बोटाची वाट मेंदूतच तुटली होती. सूर थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा तिथेच अडले. तेव्हापासून हेच चाललं होतं.

चहा होईतो डॉक्टर आल्या. आज त्यांना उत्तर हवं होतं. श्वासयंत्र काढायला दोन्ही मुलांचा होकार लागणार होता.

"मेंदूचे जागेपणाचे भाग शांत आहेत," त्या म्हणाल्या. "हे वाजणं म्हणजे उरलेली सवय असू शकते."

"सवय?" ऑल्विन उसळला. "आत बसलेत ते! बाप आत बसलाय आणि मी हवा बंद करू?"

"आत असतील तर जास्तच वाईट," रेजिना म्हणाली. ती स्वतः मुलांना पियानो शिकवत असे. "आत बसून काय करतायत कळतंय का तुला? प्रॅक्टिस. मेलेल्या बोटाला घेऊन. ते कधी येणार नाही हे त्यांना सांगणार कोण?"

ऑल्विनने कप खाली ठेवला.

"एक करून पाहता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या कानांची वाट शाबूत आहे. तेवढा एक स्वर यंत्राने भरायचा. नुसती सवय असेल तर तिला ऐकू येणार नाही, ती मागे फिरेल. ते ऐकत असतील तर पुढे जातील."

ऑल्विनने मान हलवली. रेजिनानेही.

सूर आले. अडायच्या जागी यंत्राने पट्टी दाबली आणि स्वर स्वच्छ उमटला. पाठोपाठ पियानो थांबला. एरवी थांबे त्याहून जास्त वेळ.

"पुढे पप्पा," ऑल्विन पलंगाचा कठडा धरून म्हणाला. "जा ना पुढे."

पियानो पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी सावकाश.

"मंदावतंय," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "चेता थकत चालल्या की असं होतं."

ऑल्विन खुर्चीत बसला. "नाही ऐकत ते," तो म्हणाला. "उगीच धरून बसलो होतो. माझं हो आहे, डॉक्टर. रेजी, तू तर आधीपासून हेच म्हणत होतीस."

रेजिना पियानोकडे पाहत होती. चूक झाली की पप्पा मागे जात आणि गती निम्मी करत. असंच त्यांनी तिला शिकवलं होतं, असंच ती मुलांना शिकवत होती. लहानपणी ती अडली म्हणून शेजारून कुणी बोट घालून पट्टी दाबली, की ते म्हणत, "हा स्वर तुझा नाही. पहिल्यापासून घे."

सूर अडायच्या जागेजवळ आले. त्या स्वराच्या अलीकडेच थांबले, यंत्राला भरायला काही उरलंच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, आणखी सावकाश.

"रेजिनाताई?" डॉक्टरांनी विचारलं. "तुमचं काय?"

थकलेली चेताही अशीच मंदावते, डॉक्टर खोटं बोलत नव्हत्या. ती हो म्हणाली तर कुणी तिला दोष देणार नव्हतं. पण पप्पांनी तो स्वर ऐकला असेल आणि आपला नाही म्हणून ते मागे गेले असतील, तर सरावाला बसलेल्या माणसाला मधेच उठवायचं, की जे बोट त्याला कधीच मिळणार नाही, त्याची वाट पाहत तसंच बसू द्यायचं?