सांबर पाणी पिईपर्यंत

मी मुरुक्कूचा तुकडा मोडला आणि गिरिधरचं हरीण पळालं. आमची ओळख झाली ती अशी.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या ऑफिसात मी तेव्हा नवीनच होते. ऑफिस म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधली एक जुनी शेड. खाली पंपांचे सुटे भाग तयार होतात आणि वरच्या मजल्यावर आमची कंपनी जंगल तयार करते. चाचणीच्या खोलीबाहेर लाल दिवा लागलेला होता. तो लागला की आत आवाज करायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी चकलीच्या या मद्रासी बहिणीला मी आवाजात धरलं नसतं. मुरुक्कू मला कनकानं दिला होता. चाचणी विभाग तीच सांभाळते. मी दार ढकललं, दाताखाली कडकन वाजलं, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर पाणवठ्याशी उभं असलेलं चितळ मान वर करून झाडीत पसार झालं.

“अगं आई गं,” मी म्हणाले.

खुर्चीतला माणूस सावकाश वळला. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“सकाळपासून बसलों होतों,” तो म्हणाला. “असो. त्याचे कान नीट आहेत, हें तरी कळलें.”

अंबत्तूरमध्ये, पंपांच्या कारखान्याच्या डोक्यावर, कुणीतरी माझ्याशी मराठी बोलत होतं. तेही असं, की बोलणारा जुन्या बखरीतून उठून थेट ऑफिसात आलाय. मी हसले. तोही हसला, पण अर्धंच. उरलेलं अर्धं हसू बाहेर यायला पुढे बरेच दिवस लागले.

हा गिरिधर राव. तंजावरकडचा मराठी. पूर्वज तिकडे नेमके कधी गेले ते त्याला सांगता येत नव्हतं, पण घरात मराठी होती आणि लोणच्यासारखी मुरलेली होती. मी ऋजुता, सांगलीची. आमच्याकडे माणसं मनात येईल ते बोलतात आणि मग विचार करतात. चेन्नईला मी आले ती ठराविक कामासाठी. कंपनीच्या ‘वॉटरहोल’ या कॉम्प्युटरवरच्या शिकारीच्या खेळाचा सहावा भाग येणार होता, आणि त्यात एक फॉरेस्ट रेस्टहाउस असणार होतं. खेळणाऱ्यानं आत जायचं, भिंतीवरची चित्रं बघायची आणि आधीच्या पाच भागांचा इतिहास वाचायचा. तो इतिहास मी लिहायचा होता. लिहून झाला की माझं काम संपणार होतं.

अडचण एकच होती. मी आयुष्यात असा एकही खेळ खेळले नव्हते. कृष्णस्वामी सरांना हे कळल्यावर त्यांनी मला गिरिधरच्या हवाली केलं. कंपनी त्यांचीच. पहिला भाग त्यांनी घरच्या खोलीत बसून एकट्यानं तयार केला होता. जुने कॉम्प्युटर ज्या कोपऱ्यातल्या खोलीत अजून चालू ठेवले होते, तिची किल्ली गिरिधरकडे असायची.

तिथे आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या भागातलं हरीण फक्त दोनच गोष्टी करी, उभं राही आणि पडे. आभाळ हिरवट होतं, कारण सरांना हवा तो निळा त्या काळच्या कॉम्प्युटरवर बसेना. ब्राउझिंग सेंटरमध्ये पोरं तासाचे पैसे भरून तो खेळत. मी बसले आणि समोर दिसेल ते मारत सुटले. गिरिधर मागे उभा राहून बघत होता.

दुसऱ्या भागात वारा आला. पडद्याच्या कोपऱ्यात एक पीस हलायचं. वारा तुमच्याकडून जनावराकडे वाहू लागला की जनावर गेलंच. लोक वैतागले, खेळ खपला नाही. तिसऱ्यात पावलांचे ठसे आले, ओले आणि सुकलेले वेगळे. चौथ्यात बाहेरदेशीची भागीदार कंपनी आली आणि तिनं बंदुकांचं दुकान घातलं. सोनेरी बंदूक, जांभळी बंदूक. सगळ्यांत जास्त खपला तो हाच भाग, आणि सर त्याचं नावही काढत नाहीत. पाचव्यात गिरिधरनं माइक आणला. तुम्ही खोलीत बोललात, खोकलात, मुरुक्कू खाल्लात, तर जंगलाला ऐकू जाणार.

“म्हणजे बायकांनी खेळूच नये अशी सोय केलीत,” मी म्हणाले.

“आमचे येथें पुरुषच फार बोलतात.”

“तुम्ही सोडून.”

“सेरी,” तो म्हणाला.

सेरी म्हणजे ठीक आहे. गिरिधर सगळ्याला सेरी म्हणायचा. चहा घ्यायचा? सेरी. चहा नको? सेरी. तुमचा शर्ट उलटा आहे? सेरी. एकदा मी त्याला विचारलं, की शिकारीच्या खेळात तुम्ही गोळी का झाडत नाही. इतका वेळ बसता, जनावर येतं, आणि तुम्ही नुसतं बघता.

“झाडल्यावर पाहावयास काय राहतें?”

“मग हाती काय लागलं?”

“आलें ना तें,” तो म्हणाला. “आपण आहोंत हें ठाऊक असूनही आलें.”

 

पहिल्या भागाच्या सीडीच्या वेष्टनावर एका सांबराचं चित्र होतं. म्हातारं, एकच शिंग असलेलं, पाण्यात तोंड घातलेलं. खेळात मात्र ते कुठेच नव्हतं. त्या कॉम्प्युटरला ते पेलवलं नाही, म्हणून सरांनी ते चित्रापुरतं ठेवलं. दुसऱ्या भागात ते घातलं तर दगडात अडकून बसायचं. तिसऱ्यात पाण्यावरून चालत गेलं. चौथ्यात भागीदारांनी काढून टाकलं आणि पाचव्यात वेळ पुरला नाही. मला तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला मालिकेचा इतिहास म्हणते आहे, तो खरं तर एका न आलेल्या सांबराचा इतिहास आहे. सहाव्या भागात ते गिरिधरकडे सोपवलं होतं. मचाणावर दोघं बसतील, दोघांचे माइक चालू असतील, दोघंही मनापासून गप्प राहतील, तेव्हाच ते येणार.

आम्ही दोघंही वेलचेरीला राहत होतो, त्यामुळे ऑफिसची व्हॅन एकच. कार्तिकातल्या पावसात आमच्या गल्लीत पाणी भरलं, तर सकाळी हा गल्लीच्या तोंडाशी रबरी चपलांचा जोड घेऊन उभा. माझ्या मापाचा. माप कसं कळलं विचारलं, तर म्हणाला, तिसऱ्या भागाचं काम करताना ठसे बघायची सवय लागली. चौथ्याच्या वेळी कंपनीत आलेला माणूस तिसऱ्याचं काम कधी करत होता, ते मी विचारलं नाही.

एकदा त्याच्या डब्यात डांगर निघालं. उडदाचं पीठ, दही, वर फोडणी. ते लोक त्याला डांगर पच्चडी म्हणतात. घास घेतला आणि मला एकदम सांगलीचं स्वयंपाकघर आठवलं, डोळ्यांत पाणी आलं. मिरचीनं आलं असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची आई, त्रिपुरसुंदरी अम्मा, डबा मोठा देऊ लागल्या.

तर मला तो आवडत होता. आडवळणानं कशाला सांगू? व्हॅनमध्ये तो शेजारी बसला नाही तर माझा पूर्ण दिवस बिघडायचा. आणि त्यालाही मी आवडत असणार, नाहीतर कुणी कुणाच्या चपलेचं माप लक्षात ठेवत नाही. पण त्याचा आवाज फुटेना.

मी का नाही बोलले? बोलायला मी कधी मागे नसते. पण मी विचारलं असतं तर तो सेरी म्हणाला असता. चहाला म्हणतो तसंच. आणि मला तसलं सेरी नको होतं. एकदा तरी त्यानं आपणहून काहीतरी मागावं, असं मला फार वाटत होतं.

इतिहास लिहून होत आला, सरांनी पुढच्या भागाचं लेखन करशील का म्हणून विचारलं, आणि त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीनं मला बोलावलं. जेवणाच्या वेळी मी गिरिधरला सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे, हेही सांगितलं. त्यानं चष्मा पुसला. खूप वेळ पुसला.

“सेरी,” तो म्हणाला.

मी डबा बंद केला आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी व्हॅनमध्ये मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले.

शुक्रवार उजाडला तो सांबराच्या चाचणीचा. भागीदार म्हणत होते की इतका वेळ गप्प कोण बसणार, हे जनावर काढून टाका. सर अडून बसले, तेव्हा भागीदारांनी एक सवलत दिली. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांबर पाणी पिताना दाखवा, नाहीतर सहाव्या भागातूनही ते जाईल. मचाणावर गिरिधरबरोबर कनका बसणार होती. सकाळी तिला अचानक खोकला झाला. जेवायच्या सुट्टीत तो बरा झालेलाही मी पाहिला, पण तोवर तिच्या जागी मी बसलेली होते.

लाल दिवा लागला. दार बंद झालं. काचेपलीकडे कनका आणि सर. इकडे आम्ही दोघं, खुर्चीला खुर्ची लावून, तोंडासमोर माइक. जेवणापुरते उठलो, परत बसलो, परत पहिल्यापासून. पडद्यावर पाणवठा. बगळे आले, गेले. रानडुकराची पिल्लं येऊन चिखल करून गेली. माझ्या रागाचं काय करावं ते मला समजत नव्हतं. ज्या माणसाशी भांडायचं होतं तो हाताच्या अंतरावर होता आणि भांडायची सोय नव्हती. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की राग गेला आहे. नुसतं त्याच्या शेजारी बसणंच मला पुरत होतं, आणि ते आता संपणार होतं.

उन्हं उतरली तेव्हा करवंदीच्या जाळीमागून ते निघालं. एकशिंगी. थांबत थांबत, माती हुंगत. काचेपलीकडे सर उभे राहिले. सांबर काठाशी आलं, पुढचे पाय त्यानं पाण्यात घातले आणि मान खाली घेऊ लागलं.

नेमका तेव्हाच टेबलावर आवाज बंद करून ठेवलेला माझा फोन उजळला. पुणे. मी फोनकडे पाहिलं. गिरिधरनंही पाहिलं. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं, आणि परत माझ्याकडे. त्यानं चष्म्याला हात लावला, पण काढला नाही.

“जाऊं नका,” तो म्हणाला.

सांबराचे कान ताठ झाले. पाण्याला तोंड लागायला बोटभर अंतर उरलं होतं. ते वळलं आणि एका उडीत जाळीपार झालं. पाण्यावर नुसते लाटांचे गोल राहिले.

कनकानं कपाळावर हात मारलेला मला काचेतून दिसला. गिरिधर पडद्याकडे बघतसुद्धा नव्हता. कान लाल झाले होते त्याचे.

“सांबर तर गेलंच,” मी म्हणाले. “आता काय उरलं असेल तेही बोलून टाका.”

“तुम्ही... व्हॅनमध्यें पुढें बसलांत. तो रस्ता मज ठाऊक आहे, तरी कोठें आलों तें कळेना.” तो थांबला. मी थांबले. त्या दिवशी थांबायला मी चांगलीच शिकले होते. “मज तुम्ही हव्यात. म्हणजे... मी मागतों आहें. उगाच सेरी म्हणत नाही.”

“माइक चालू आहे अजून,” मी म्हणाले.

“असूं दे.”

“मग पुण्याला नाही म्हणून कळवते. सरांनी पुढच्या भागाच्या लेखनाचं विचारलंय, त्यांना हो म्हणते. आणि मला ‘तू’ म्हणायचं.”

“सेरी,” तो म्हणाला, आणि ते राहिलेलं अर्धं हसू पूर्ण बाहेर आलं.

बाहेर कृष्णस्वामी सर उभे होते. गिरिधर त्यांची माफी मागू लागला. सरांनी हातानंच थांबवलं. जनावर माणसाचा आवाज ऐकून किती खरं दचकलं, ते पाहिलंस का, असं त्यांनी त्याला तमिळमध्ये विचारलं. मग खोलीत जाऊन त्यांनी भागीदारांना फोन लावला. बराच वेळ इंग्रजीत चढ्या आवाजात बोलून ते बाहेर आले आणि एक दिवस मिळाला म्हणाले. वर हेही म्हणाले, की सांबर इतकी वर्षं थांबलंय, ते उद्यापर्यंत थांबेल. ही मुलगी थांबली नसती.

शनिवारी आम्ही परत बसलो. कनकाचा खोकला कायम होता. लाल दिवा लागला, बगळे आले, गेले. त्याचा हात माझ्या हातात होता आणि बोलायचं असं काही उरलं नव्हतं. जाळी हलली, सांबर काठाशी आलं. कान टवकारून त्यानं आमच्या मचाणाकडे एकदा निरखून पाहिलं. मग मान खाली घातली आणि पोटभर पाणी प्यायलं.