चारशे बारावा टॅग

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलेली. ज्यांना करमणूक हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. तिची पाठ मी या डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते. तळं इतकं आडबाजूला की तिथं रस्ता जात नाही. पाण्यावर उतरणारं चार माणसांचं विमान सोडतं आणि तेच परत आणतं. काठावर लाकडाची एकच खोली, एक शेगडी, एक रेडिओ. बाकी चारी बाजूंनी झाडं आणि दलदल. चालत बाहेर पडायचं म्हटलं तर नऊ दिवस.

ताई मासे मोजायच्या खात्यात आहे. लोक हसतात, पण काम साधं नाही. जाळ्यात सापडलेला मासा मापायचा, पाठीवरच्या पराच्या मुळाशी सुईच्या यंत्राने नंबराचा टॅग टोचायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. पुढच्या वेळी जाळं लावलं की त्यात टॅगवाले किती आणि बिनटॅगचे किती, यावरून तळ्यात एकूण मासे किती ते काढायचं. डब्यातल्या मूठभर वाटाण्यांना रंग लावून, ढवळून, पुन्हा मूठ भरण्यासारखंच. मग खातं एक पत्रक छापतं : यंदा या तळ्यात ट्राउट मासे कसे लागतील. गळ घेऊन फिरणारे हौशी लोक त्या पत्रकाची वाट बघत असतात.

आणि साहेबाला ते पत्रक वेळेवर हवं असतं. माणूस मेला तरी चालेल.

हे मी उगाच म्हणत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी त्या तळ्यावर मास्तर गेले होते. शाळेत कधी शिकवलं नव्हतं त्यांनी, पण खात्यातल्या प्रत्येकाला जाळं बांधायला त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. ताईलाही. खर्च वाचवायचा म्हणून साहेबाने त्यांना एकट्यालाच पाठवलं. त्यांचा नेहमीचा नावाडी ऑफिसात बसवून ठेवला. चौथ्या दिवशी विमान जायचं होतं. पण धुकं आलं, विमान गेलं नाही. मास्तर परत आलेच नाहीत. सातव्या दिवशी नावाड्याने आरडाओरडा केला म्हणून विमान गेलं, तेव्हा होडी तळ्याच्या मध्यावर नांगर टाकून उभी होती. रिकामी. सुईचं यंत्र नव्हतं, टॅगची पेटी नव्हती. मास्तर तर नव्हतेच.

वही मात्र खोलीत होती. शेवटची नोंद, टॅग क्रमांक ३८८. त्याखाली तीन वेळा एकच ओळ :

आज विमान नाही.

त्याच तळ्यावर ताईला पाठवलं. सोबत मास्तरांचाच तो नावाडी. त्याला सगळे तोफ म्हणतात, कारण बोलायला लागला की पलीकडच्या काठाला ऐकू जातं. पहिल्या दिवशी त्याची बडबड सुरूच होती. वैमानिक विमान चालवतो की बैल हाकतो, मॅडमनी आणलेला चहा आहे की औषधाचा काढा... ताई हसत होती. नवीन टॅग हिरवे होते, पाचशे एकपासून. मास्तरांचे नारिंगी होते.

संध्याकाळी जाळं लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच धुक्यात. वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं.

जाळं ओढलं. वीसेक मासे. त्यात दोन नारिंगी टॅगवाले. ११२ आणि ३४०. जखमा भरून आलेल्या, टॅगवर शेवाळ. बरोबरच होतं.

तिसरा नारिंगी निघाला.

ताईने अंगठ्याने पुसला. शेवाळ नव्हतंच. टॅग कोरा करकरीत... आणि त्याच्या मुळाशी रक्त. ताजं.

नंबर ३८९.

तिने मासा सोडला. पुढचा ३९०. मग ३९१. त्या सकाळी असे सहा निघाले, ३९४ पर्यंत. तोफला तिने सांगितलं की कुणीतरी चोरून काम करतंय. तोफ म्हणाला, या धुक्यात चोराला स्वतःचं नाक सापडायचं नाही. पण त्याचा आवाज उतरला होता.

दुपारी ते खोलीत बसले होते. शेगडी पेटलेली. बाहेर पांढरं मिट्ट.

आणि तळ्याकडून आवाज आला...

टक्.

मग थोडं थांबून... चुबुक.

टक्... चुबुक.

दोघांनाही तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. सुईचं यंत्र दाबलं की टक्. मासा हळूच पाण्यात सोडला की चुबुक. फेकला तर फटकन वाजतं. हळूच सोडायला शिकवलेला माणूस असेल तरच तसा वाजतो.

आठ वेळा आला. मग थांबला.

तिसऱ्या दिवशी जाळ्यात ताज्या जखमेचे आठ नारिंगी मासे होते. ३९५ ते ४०२. दुपारी पुन्हा आवाज. ताईने मोजले. नऊ.

तिने वही मिटून टाकली. टॅग ताजे होते, ते होतेच. पण मास्तरांची शेवटची नोंद ३८८ होती आणि नंबर ज्या दिशेने चालले होते, ती दिशा फक्त तिला ठाऊक होती.

चौथ्या दिवशी ४०३ ते ४११.

त्या दिवशी दुपारी विमान यायचं होतं. धुकं तसूभर हललं नाही. तीन दिवस खरखरत पडलेला रेडिओ संध्याकाळी एकदम स्वच्छ लागला. ऑफिसातली रेडिओवरची मुलगी बोलत होती. ताईने विचारलं, विमान उद्या तरी येईल का?

"विमान? तुमचं तर काम पूर्ण झाल्याची नोंद आलीय मॅडम. फेरी कापली तुमची. तुम्ही परत पोचला नाहीत का?"

"नोंद कुणी दिली?"

"सकाळी रेडिओवरूनच आली. वयस्कर गृहस्थ होते. फार नीट बोलत होते. आकडासुद्धा दिला, चारशे..."

खरखर सुरू झाली. मग तीही बंद. तोफने बॅटरी काढून पुसली, दातांखाली धरली, शिव्या घातल्या. रेडिओ कायमचा गेला.

"आकडा कसला?" तोफने विचारलं.

ताईने सांगून टाकलं.

त्या खात्यात एक रीत आहे. तक्त्यावर 'पाहणी पूर्ण' असं लिहिलं की त्या तळ्याची विमानाची फेरी आपोआप कापली जाते, कारण माणसं परत आल्याशिवाय तसं लिहायचंच नसतं. पण पत्रकाची तारीख जवळ आली की सगळेच आधी लिहून टाकायचे. आदल्या वर्षी तिसऱ्या संध्याकाळी मास्तरांनी रेडिओवर ३८८ सांगितले. चौथ्या दिवशी धुकं. तक्ता तेव्हा ताई भरायची; साहेब तिच्या टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, म्हातारा उद्या अजून वीस-पंचवीस करेलच, अंदाजाने लिही आणि पूर्ण कर. ताईने लिहिलं ४१२. खाली लिहिलं, पाहणी पूर्ण.

फेरी कापली गेली.

पाचव्या दिवशी धुकं उठलं होतं. ऊन होतं. आणि तळ्यावर एक म्हातारा आकाशाकडे बघत बसला होता.

तोफने शेगडीत एक लाकूड सारलं. त्याचा एवढा हळू आवाज ताईने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"मी तीन दिवस रोज तुमच्या टेबलाशी येऊन विचारत होतो, विमान गेलं का म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, काम झालंय, ते दुसऱ्या विमानाने दुसऱ्या तळ्यावर गेले असतील."

"मला तसं वाटलं होतं."

"वाटलं नव्हतं, मॅडम. तुम्ही मला खुर्ची दिलीत, चहा पाजलात. वाटलं असतं तर चहा नसता पाजला."

मला हे सांगताना ताई इथे थांबली होती. पुढचं सगळं तिने पटापट सांगितलं, हे मात्र नाही.

पाचवा दिवस. जाळं रिकामं. दुपारी आवाज नाही.

सहावा दिवस. जाळं रिकामं. आवाज नाही.

तोफ एक शब्द बोलत नव्हता. तिच्या वाटणीचं खाणं तिच्यासमोर ठेवायचा आणि बाहेर जाऊन धक्क्याच्या फळ्या उपटायचा. ओल्या फळ्या जाळून धूर करायचा. धुक्यात धूर. खोलीच्या चार भिंती, त्यांच्यापलीकडे पांढरी भिंत. ताईला वाटायचं, आपण जाळ्यात नाही, जाळ्यातून काढून बादलीत ठेवलेले आहोत. मापायच्या आधी ठेवतात तसे.

चारशे अकरा झाले होते.

एक राहिला होता.

सातव्या दिवशी शिधा संपला. जाळ्यात काही असेल तर खायला तरी होईल म्हणून दोघं होडीत बसले. वल्ही मारणारा होडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हणजे तोफचं तोंड ताईकडे, ताईचं त्याच्याकडे. तिच्या पाठीमागे काय आहे ते फक्त त्याला दिसणार.

तळ्याच्या मध्यावर होडी थांबली.

तोफने जोर लावला. वल्ही वाकली. होडी जागची हलेना. नांगर तर होडीतच होता, ताईच्या पायाशी, कोरडा.

पाणी एकदम गप्प झालं. काठाला लागणाऱ्या लाटांचासुद्धा आवाज नाही...

मग तोफने वल्ही मारायची थांबवली. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मागे बघू नका."

तिने नाही बघितलं.

होडीची मागची बाजू हळूहळू खाली गेली. कुणीतरी काठावर हात ठेवून वजन टाकल्यासारखी. ताईच्या मानेला थंड लागलं. तळाच्या चिखलाचा वास आला. मग एका ओल्या तळव्याने तिला पाठीवर धरलं. घट्ट, पण दुखणार नाही असं. मासा असाच धरायचा असतो. तिला तेच शिकवलं होतं त्यांनी.

"मास्तर," तोफ म्हणाला. "मास्तर, तिला कबूल आहे. तिने सांगितलंय मला सगळं."

तोफच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर हलत नव्हती.

टक्.

खांद्याच्या खाली सुई गेली. ताई ओरडलीसुद्धा नाही. तिला ओरडताच येईना, तोंड नुसतं उघडत-मिटत राहिलं.

मग हात निघाला. होडीची मागची बाजू वर आली.

चुबुक.

"सोडलं," तोफ म्हणाला. "सोडलं त्यांनी."

दुपारी धुकं फाटलं. दुसऱ्या तळ्याकडे निघालेल्या वैमानिकाला धूर दिसला. उतरल्यावर तो तोंडाचा आ वासून बघत राहिला. तुम्ही तर परत आलात असं कागदावर आहे, म्हणाला.

घरी आल्यावर ताईने पाठ खाजते म्हणून मला बघायला सांगितलं. मी ब्लाऊज खाली केला. उजव्या खांद्याखाली नारिंगी टॅग होता. मी तो मोठ्याने वाचला. चारशे बारा. डॉक्टरांनी काढला, तीन टाके घातले, आणि हे कुणी केलं असं चार वेळा विचारलं. आम्ही काय सांगणार?

ताईने साहेबाला सगळं लेखी दिलं. आपली सही, आपला खोटा आकडा, कापलेली फेरी. मास्तरांच्या बायकोलाही जाऊन सांगितलं. ती बाई दार लावून आत निघून गेली. साहेबाने अर्ज फाईलला लावला. पत्रकात ४१२ तसेच छापलेले आहेत. दुरुस्ती कशाची करायची, साहेब म्हणतो, आकडा बरोबर तर आहे. त्या मेल्याला कल्पना नाही किती बरोबर आहे. यंदा त्या तळ्यावर हौशी लोकांची रांग लागली आहे म्हणे. मासे चांगले लागतायत.

तोफने नोकरी सोडली. मी दोनदा जाऊन विचारलं, तुला काय दिसलं? पहिल्यांदा त्याने विषय बदलला. दुसऱ्यांदा एवढंच म्हणाला की मास्तर रागावलेले दिसत नव्हते. कामात होते.

मला त्याचीच भीती वाटते.

कारण टॅग लावून मासा सोडतात तो सुटावा म्हणून नव्हे. तो पुन्हा जाळ्यात येतो का ते बघायचं असतं. ते बघितल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही, आणि मास्तरांनी आयुष्यात कुठलं काम अर्धवट टाकलं नाही.

काढलेला टॅग आम्ही एका डबीत घालून माझ्या कपाटात ठेवला होता. कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात.

परवा दुपारी मी डबी उघडली.

रिकामी होती... तळाशी थोडं पाणी.

तेव्हापासून ताई आंघोळीला जाताना दोनदा कडी लावते. मी रोज म्हणते, एकदा पाठ दाखव.

ती दाखवत नाही.