करडी ओळ

"सुनेची बाजू घेऊन सासू आलेली मी पहिल्यांदाच पाहतोय," मेहुणे भिंगरावांच्या कानाशी पुटपुटले.

समोर बसलेल्या बाईंचे कान तिखट होते. "मग नीट पाहून घ्या," त्या म्हणाल्या.

भिंगराव हसले. हे नाव त्यांना मित्रांनी ठेवलं होतं; खासगी तपासाच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही भिंग त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. मेहुणे म्हणजे त्यांच्या बायकोचे भाऊ. ते गाडी चालवायचे आणि निष्कर्ष भिंगरावांच्या आधी काढायचे. निष्कर्ष चुकायचे, पण उत्साह तसूभर कमी व्हायचा नाही.

"माझी सून सॉफ्टवेअर लिहिते," बाई सांगू लागल्या. "तिच्या ऑफिसात सगळ्यांसाठी एक पान आहे, तिनेच सुरू केलेलं. उपयोगी कोडचे तुकडे, कुठे अडलं तर काय करायचं, सगळं ती तिथे लिहून ठेवते. बाकीचे तिथून उचलतात आणि वापरतात. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणतात."

"आणि आता?"

"आता खापर तिच्यावर. जुन्या फाइली पुसायचा एक तुकडा कुणीतरी चालवला आणि एका लॅबचे पेशंटांचे सगळे रिपोर्ट उडाले. ती म्हणते, त्या तुकड्यात मी एक ओळ घातली होती. 'थांबा, आधी फोल्डर तपासा.' ती ओळ असली की कोड पुढे सरकतच नाही. पण पानावर आता ती ओळ नाही. शेवटचा बदल सुनेच्या नावावर आहे, बाहेरचे पाहुणे आले त्या दिवशीचा. आणि त्या दिवशी साहेबांनी तिला पाहुण्यांना आणायला विमानतळावर पाठवलं होतं."

"मग प्रश्न मिटला!" मेहुणे म्हणाले.

"नाही मिटत. फोनवरूनही बदल करता येतो म्हणे. उद्या तिला निष्काळजी ठरवून काढणार आहेत. असला शिक्का घेऊन दुसरीकडे तिला दारात कोण उभं करेल?" बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. "ती तीन दिवस धड जेवली नाहीये."

कंपनीच्या मालकीणबाईंनी नाइलाजाने चौकशीला परवानगी दिली.

ज्याने कोड चालवला त्याला सगळे चष्मा म्हणत. त्याची पाचावर धारण बसली होती. "पानावरून उचललं, चिकटवलं, चालवलं. झालं."

"थांबवणारी ओळ पूर्वी तिथे असायची?"

"आठवत नाही."

"तुमचं एखादं जुनं काम दाखवा, त्याच तुकड्यावरचं."

चष्म्याने पडदा भर्रकन वरखाली केला. मेहुण्यांना एवढंच दिसलं की रंगीत ओळींच्या मधोमध एक ओळ करडी होती. ती काय म्हणते ते वाचेपर्यंत खिडकी बंदही झाली.

पलीकडे बसणाऱ्याला सगळे दाढी म्हणत; त्याने त्यांना खुर्ची दिली, पण मदत दिली नाही. "ओळबिळ मला माहीत नाही बुवा."

त्याच्याही जुन्या कामात तशीच करडी ओळ होती. "हे काय असतं हो?" मेहुण्यांनी विचारलं.

"नको असलेली ओळ आम्ही पुसत नाही. पुढे एक खूण टाकतो. मग मशीन ती वगळतं आणि ओळ करडी दिसते. उद्या लागली तर? हाताला सवयच असते ती."

"पाहुण्यांना काय दाखवलं होतं?" भिंगरावांनी विचारलं.

"हेच पान. आमच्याकडे सगळं कसं तयार आहे, उचला की चालू. मोठ्या पडद्यावर, ताईच्याच लॅपटॉपवरून. सकाळी तालीम घेतली तेव्हा मध्येच अडलं. दुपारी मात्र फक्कड झालं. साहेब जाम खूश."

साहेबांची खोली काचेची होती. "कोडला हात लावून मला दहा वर्षं झाली," ते म्हणाले. "मी फक्त माणसं सांभाळतो. मुलगी हुशार आहे, पण काय करणार? माझेही हात बांधलेले आहेत."

बाहेर आल्यावर मेहुणे कुजबुजले, "भाऊजी, दाढीच! फार गोड बोलतो."

"गोड बोलतो आणि अर्धवट बोलतो," भिंगराव म्हणाले. "बोलवा सगळ्यांना."

मीटिंगच्या खोलीत मालकीणबाई, साहेब, चष्मा आणि दाढी बसले. सून सासूबाईंच्या शेजारी बसली होती, मान खाली घालून.

"ती ओळ होती," भिंगरावांनी सुरुवात केली. "तिचा पुरावा या दोघांच्या जुन्या कामात आहे. दोघांच्याही कोडमधली करडी ओळ इथे मोठ्या पडद्यावर उघडा."

चष्म्याने उघडली. 'थांबा, आधी फोल्डर तपासा.'

"पानावरून उचललं की ही ओळ यायची आणि आपापल्या कामात हे तिला करडी करायचे. आता पानावर पाहा. तिथे करडी ओळही नाही, ओळ समूळ पुसलेली आहे. रोज कोड लिहिणाऱ्याचा हात असं करत नाही. हे काम अशा माणसाचं, ज्याची सवय सुटली आहे आणि ज्याला पडदा पाहुण्यांसमोर चकचकीत हवा होता."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सकाळच्या तालमीत काय अडलं? ही ओळच. दुपारी अडलं नाही. मधल्या वेळात लॅपटॉप जिचा, ती विमानतळावर होती. तिला कुणी पाठवलं? साहेबांनी. लॅपटॉप उघडाच होता, म्हणून बदल पडला तिच्या नावावर. साहेब, हे पान सगळ्यांचं आहे. तुम्ही दाखवण्यापुरता बदल केलात, तो सगळ्यांसाठी झाला."

"पाहुणे गेले की परत घालणार होतो," साहेब हळूच म्हणाले. "राहून गेलं."

"आणि रिपोर्ट गेल्यावर?" मालकीणबाईंनी विचारलं.

मग सूनच बोलली, साहेबांकडे न पाहता. "दाढी, चष्मा, ती ओळ होती हे तुम्हाला माहीत होतं. रोज तुमच्या डोळ्यांसमोर होती."

"बढती साहेबांच्या हातात आहे गं," दाढी म्हणाला. "मला वाटलं, चष्मा बोलेल."

"आणि मला वाटलं, हा बोलेल," चष्मा म्हणाला.

"माझ्या रजेच्या दिवशीसुद्धा तुमची अडलेली कामं मी सोडवून दिली. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं." तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

मालकीणबाईंनी माफी मागितली. साहेबांना तिथेच थांबायला सांगितलं आणि सुनेची नोकरी कायम असल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं. मेहुण्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण खोलीतले चेहरे पाहून त्यांनी हात खिशात घातले.

जिना उतरताना सुनेचा फोन वाजला. दाढीचा निरोप होता. तिने तो वाचला आणि पायरीवरच उभी राहिली.

"माफी मागतोय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. तारखा क्रमाने लावायचा कोड मागतोय. लगेच हवाय म्हणे."

सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "चल, आधी जेव," त्या म्हणाल्या.