बिननावाची कॅसेट

मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजांवरचे पत्रे दुपारी तापले की हातोड्यांचे ठोकेसुद्धा सुस्तावतात. अशाच एका दुपारी विशाखा सामंत भिकाजी राणेच्या स्पेअरपार्टच्या दुकानात आली. कॅसेटची रिकामी डबी तिने काउंटरवर ठेवली.

"जहूरभाई, एवढंच उरलंय."

जहूर मुकादम विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करायचा. गाडी खरंच घसरली की मुद्दाम ठोकली, हे टायरच्या खुणांवरून सांगायचा. फावल्या वेळात मस्कतमधल्या आपल्या माणसांची कोडीही सोडवायचा. त्याचं ऑफिस म्हणजे भिकाजीच्या दुकानातलं मागचं स्टूल, आणि मदतनीस म्हणजे स्वतः भिकाजी.

"आत काय होतं, वहिनी?"

"नाचाचं गाणं. शुक्रवारी मंडळाचा कार्यक्रम आहे. वरच्या मजल्यावर मिसेस हायाशी होत्या, त्यांनी आम्हाला हा नाच शिकवला. हातात हात घालून गोल करायचा. जपानात त्यांच्या शाळेत शिकवायचे म्हणे. त्या गेल्या परत. कॅसेट एकच, तिच्यावर नावसुद्धा नाही."

"मग दुसरं गाणं लावा," भिकाजी म्हणाला. "कोळीगीत लावा."

"गाण्याचं नाही हो." विशाखाचा आवाज खाली आला. "सोमवारी किशोरी सगळ्यांसमोर म्हणाली, हे जपानी नाही, यहुदी गाणं आहे. आणि मंगळवारी कॅसेट गेली. कोणी तक्रार करायला नेली असेल तर? सत्त्याण्णव साल चाललंय, इस्रायलवरून इथलं वातावरण तापलंय, लोक काय अर्थ काढतील सांगता येत नाही. धनंजयच्या अरबी मालकाच्या, अर्बाबच्या कानावर गेलं तर नोकरी खलास. मुलीचं दहावीचं वर्ष आहे."

जहूरने डबी उघडून मिटली. "घराची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"धनंजयकडे. तालमीसाठी किशोरीकडे. आणि शेजारच्या उजमाकडे. पण ती मंगळवारी दिवसभर शाळेत शिकवत होती."

अल खुवैरमधल्या विशाखाच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवलेले होते. मधल्या रिकाम्या जागेत गालिच्याची लव गोलाकार झिजली होती. कपाटावर टेपरेकॉर्डर, बाजूला कॅसेटींची चळत, तिच्यावर सोन्याचं घड्याळ. घड्याळाला कोणी हात लावला नव्हता.

जहूरने चळतीतली एक कॅसेट लावली. चाकं फिरली, आवाज आला नाही. त्याने कान टेकवला. अगदी बारीक, मुंगी चालावी तसं काहीतरी वाजत होतं. त्याने बटण फिरवलं तेव्हा खोली दणाणली.

"आवाज तुम्ही कमी केला होता?"

"मी? खालचा वॉचमन ताल धरतो इतका मोठा असतो आमचा."

धनंजय साइटवरून नुकताच आला होता. बूट काढता काढता वैतागला. "मी जाळून टाक म्हणालो होतो. सगळ्या बायकांसमोर म्हणालो. कार्यक्रम झाला की जाळ, नसती आफत. पण बोलणं वेगळं आणि करणं वेगळं. मला हवी असती तर डबीसकट नेली असती, म्हणजे कळलंही नसतं."

किशोरी भांडायच्याच तयारीने आली.

"माझ्यावरच येणार, माहीत होतं मला. लावणी बसवू म्हटलं, कोणी ऐकलं नाही. हो, ओळखलं मी. मुंबईत आमच्या कॉलेजात हा नाच बसवला होता. जर्मनीला माझी नणंद आहे, तिकडे चर्चच्या हॉलमध्ये दर आठवड्याला करतात. जगभर चालतो. म्हणून सांगितलं, मिरवायला. आता जिभेला डाग द्यावासा वाटतो."

"नाच कसा आहे, दाखवता?"

दोघींनी चार पावलं करून दाखवली. हात धरून बाजूला, मग मध्यभागी धावत, पुन्हा मागे.

"मध्ये आल्यावर हात वर न्यायचे असतात," विशाखा म्हणाली. "पण साडीचा पदर सुटतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी ते काढून टाकलं. आमच्यात हात खालीच."

शेजारच्या दाराशी उजमाची सासू उभी होती. हवाबी. मुलगा झैन आणि सून यांच्याकडे महिन्याभरापूर्वी मुरुडजवळच्या नांदगावहून आलेली. हातात तसबीची माळ, खांद्याला कापडी बटवा. तालमीच्या वेळी ती रोज कोपऱ्यात बसायची, असं विशाखा म्हणाली.

"या बाबांनो, उनातून आलाव. बसा."

तिने बशा पुढे केल्या. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. वर केळ्याचे काप आणि खजूर. भिकाजीने एक बशी संपवली, दुसरी मागितली.

"खाला, हे काय म्हणायचं?"

"मलिदा."

"जहूरच्या घरी खातो तो तर पोळी कुस्करून केलेला असतो."

"जो तो आपल्या हातचा करतो, पोरा," हवाबी म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

"तुम्हाला आवडतो का मुलींचा नाच?" जहूरने विचारलं.

"झ्याक करतात. पन मधी येतात तवा हात खाली ठेवतात. हात कसे वर जायाला हवेत." ती थांबली. तसबीचा एक मणी पुढे गेला. "मला काय कळतं म्हना. माझे गुडघे गेले."

पिकअपमध्ये भिकाजीने पोटावरून हात फिरवला. "मला विचारशील तर किशोरी. लावणी बसवली नाही याचा राग."

"तू पुरावा खाल्लास," जहूर म्हणाला. "तोही दोनदा."

संध्याकाळी जहूरने सगळ्यांना विशाखाच्या हॉलमध्ये बोलावलं. हवाबी आपल्या कोपऱ्यात बसली.

"आधी एक सांगतो, वहिनी," जहूर म्हणाला. "तक्रार झालेली नाही, होणारही नाही. ज्याला पुरावा हवा तो कॅसेट उचलतो आणि निघतो. हे माणूस इथे बसलं. आवाज अगदी बारीक केला, मशीनला कान लावला आणि ऐकत राहिलं. धनंजय आणि किशोरी तर हे रोज ऐकतात. चोरून कोण ऐकेल? ज्याला ऐकावंसं वाटतं आणि मागता येत नाही, ते."

"मग उचलली कशाला?" किशोरीने विचारलं.

"कारण घराचा मालक सर्वांदेखत म्हणाला, जाळून टाक."

धनंजयने मान खाली घातली.

"आता हात. हात वर जातात हे या इमारतीत मिसेस हायाशी आणि वहिनींच्या मंडळाला ठाऊक. पहिल्याच दिवशी ते गाळलं. महिन्याभरापूर्वी आलेल्या माणसाने ते इथे पाहिलेलंच नाही. तरी त्याला ते ठाऊक आहे. म्हणजे त्याने हा नाच दुसरीकडे पाहिला." जहूर हवाबीकडे वळला. त्याचा आवाज मऊ झाला. "उजमा शाळेत असली तरी किल्ली घरातच असते. आणि आमच्या घरांत मलिदा पोळीचा. पोह्यांचा मलिदा, वर फळं, हा कोकणात बेने इस्रायलांच्या, म्हणजे तिथल्या यहुद्यांच्या घरचा. शनवार तेली म्हणत त्यांना. शनिवारी त्यांचा घाणा बंद. खाला, तुम्हाला कोणी शिकवला?"

हवाबीने तसबी बटव्यात ठेवली.

"मिल्काने," हवाबी म्हणाली. "मिल्का चेऊलकर. आमची एकच विहीर. तिच्या घरी मलिदा झाला की पहिला द्रोण माझा. मंग मुंबईसून त्यांचे मास्तर आले, तिकडची, इस्रायलाची गानी शिकवाया. अंगनात चांदनं पडलेलं. मिल्का म्हनली, हवा, हात दे. मी दिला. आमी दोघी त्या गोलात फिरलो. मंग ती बोटीत बसली नि तिकडं गेली. कागुद नाय, पत्तर नाय."

तिने बटवा उघडला. तसबीखालून कॅसेट निघाली.

"हितं येऊन बसले नि तेच गानं लागलं. पोरीनु, माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, मिल्काच आली दाराशी. रोज येऊन कान लावायची. मंग आयकलं, जाळनार. शुक्रवारी परत ठेवनार होते, पन नंतर जाळली तर? हात उठंना."

नांदगावच्या चांदण्यात फिरलेला तो सूर जपानातल्या शाळेत गेला, जर्मनीतल्या चर्चमध्ये गेला, किशोरीच्या कॉलेजात गेला. कोणी कोणाला न ओळखता हातात हात दिले. आणि समुद्र ओलांडून तोच सूर या म्हातारीला शोधत अल खुवैरच्या दुसऱ्या मजल्यावर चढून आला होता. किशोरीने आपल्या दंडावर हात चोळला. तिलाही काटा आला होता.

"मला व्हिसा काढायला किती चकरा मारायला लागल्या," भिकाजी हळूच म्हणाला, "आणि हे बघा."

विशाखाने नवऱ्याकडे पाहिलं. "काय करायचं शुक्रवारी? तूच सांग. नोकरी तुझी आहे."

धनंजयने कॅसेट हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "कोणी विचारलं, कुठला नाच, तर काय सांगणार?"

"नांदगावच्या अंगणातला," जहूर म्हणाला. "खोटं कुठे आहे?"

धनंजयने कॅसेट मशीनमध्ये घातली आणि आवाज नेहमीसारखा मोठा केला.

किशोरीने हवाबीपुढे हात धरला. "हात द्या, खाला. गुडघ्यांचं आम्ही बघतो."

गोल हळूहळू फिरू लागला. मध्यभागी आल्या तशी हवाबी म्हणाली, "आता वर. मिल्का सांगायची, हात उंच गेला की लांब गेलेल्याला दिसतो."

विशाखा क्षणभर थांबली. मग तिने पदर कमरेला खोचला. किशोरीनेही खोचला.

सगळे हात वर गेले.